पाठीवरचं नाव

मी चावीचं घड्याळ बोलतोय. रोज सकाळी चावी दिलीत तर चालतो, विसरलात तर दुसऱ्या दिवशी रुसून बसतो. सेलवर चालणाऱ्यांसारखं वर्षभर एकटं राहणं मला जमत नाही. मला रोज कुणीतरी लागतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी पहूरच्या जीवरामभाऊंना सासऱ्यांनी लग्नात मला दिलं. मांडवाबाहेर लग्नाच्या भांड्यांवर नावं घालणारा बसला होता. सासऱ्यांनी हौसेनं मलाही त्याच्यापुढे ठेवलं. त्या गड्यानं मान वर न करता हंड्या-कळशीवरचं नवरीचंच नाव माझ्या पाठीवर ठोकलं: 'सौ. बेबाबाई जीवराम, पहूर.' मांडवभर हशा पिकला! जीवरामभाऊंनी मात्र मला लगेच मनगटावर बांधलं. पुढे मित्र चिडवायचे आणि ते गालातल्या गालात हसायचे. केळीला पाणी देताना तेवढं मला बांधावरच्या बाभळीला अडकवून ठेवायचे.

साठीत त्यांचा उजवा हात लुळा पडला. तेव्हापासून सकाळच्या चहाआधी बेबाबाई मला चावी देऊ लागल्या. भाऊ गेल्यावरही देत राहिल्या. चावी दिली की मला कानाशी धरायच्या, मग पितळी डब्यात कापसावर निजवायच्या.

एकदा त्या लेकीकडे पिंपळनेरला गेल्या होत्या. दारात मोडीवर भांडी देणारा आला. सुनेनं, डिंपलनं, तो काळवंडलेला डबा देऊन स्टीलची बरणी घेतली. मी त्याच डब्यात निजतो हे तिला ठाऊकच नव्हतं. चावीवाचून मी बंद पडलेलो, टिकटिक तरी कशी करणार?

फिरत फिरत मी धुळ्याच्या जुन्या बाजारात पोचलो. तिथे मला मयुरीनं उचललं. ही जळगावात मेहरूणला राहणारी शिक्षिका. जुनी, परवडणारी घड्याळं जमवायचा तिला नाद. पेटीत दहा खण, रोज एकाची पाळी. तिनं मला कारागिराकडे, योगेंद्रकडे नेलं. त्यानं मला खोलून साफ केलं आणि म्हणाला, "ताई, हाई नाव घासी टाकू का? घड्याळ नवं कोरं दिसी."

एवढंच तर माझं उरलं होतं!

"थांबा भाऊ," मयुरी म्हणाली. "पुरुषाच्या घड्याळावर बाईचं नाव? राहू द्या."

मग तिसरा खण माझा झाला. खोटं कशाला बोलू, मी सुखात होतो. बाकीच्यांची पाळी चुकवून ती मलाच बांधायची. पण ते नाव तिला स्वस्थ बसू देईना. दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी तिनं पहूर गाठलं. माझी गोष्ट ऐकायची, फोटो काढायचा आणि परत यायचं, एवढाच तिचा बेत होता.

बेबाबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांचा अंगठा आणि बोट हवेतच काहीतरी फिरवत होते.

"चहाच्या आधी सासूबाई रोज असंच करता," डिंपल हळूच म्हणाली. "घड्याळ गेलं तवापासून. चूक माझीच झाली, ताई."

मयुरी त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिनं मला मनगटावरून सोडलं आणि त्यांच्या हातात दिलं.

बेबाबाईंना आता अंधुक दिसतं. त्यांनी मला उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला. मग मला कानाशी धरलं.

"कोनी आनलं वं माय?"

"मी, अक्का. बाजारात विकत घेतलं होतं."

"मंग आता तुझंच हाय ते." त्यांनी मला पुढे केलं.

"नाव कोणाचं आहे त्यावर?"

"माझं," बेबाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या.

मयुरी रिकाम्या मनगटानं जळगावला परतली. तिच्या पेटीतला तिसरा खण अजून मोकळाच आहे म्हणे.

जुनी घड्याळं हौसेनं घेणाऱ्यांनो, जरूर घ्या, बांधा, मिरवा. फक्त चकचकीत करण्याआधी आमची पाठ एकदा वाचा.

आता निरोप द्या. डिंपलनं चहाचं आधण ठेवलंय. माझी चावीची वेळ झाली.