महाराजांची पाच मिनिटं

पडद्यावर पुन्हा लाल पट्टी आली आणि अख्खी टीम महाराजांच्या टेबलाभोवती गोळा झाली. महाराज म्हणजे आमचे सर्वांत जुने प्रोग्रॅमर. सगळ्यांचा कोड एकत्र करून त्यातून चालतं सॉफ्टवेअर तयार करायचं, ते बिल्ड. आमचं बिल्ड दिवसाआड मोडायचं आणि महाराजांच्याच हातानं जुळायचं.

"बाळांनो, कीबोर्डवरचे हात काढा," महाराज डोळे मिटून म्हणाले. "पाच मिनिटं कुणी काही पाठवायचं नाही. यंत्रालाही मन असतं. ते अशांत झालंय."

आम्ही वीस शिकलेसवरलेले लोक हात मांडीवर ठेवून गप्प! मग महाराजांनी बटण दाबलं. हिरवी पट्टी! टाळ्या पडल्या. टीमचा प्रमुख मी, मीही वाजवल्या.

"काहींचा हातच वाईट असतो, मी काय करणार?" महाराज नव्या मुलीकडे बघत म्हणाले.

खोटं कशाला बोलू, बिल्ड बहुतेक वेळा तिनं कोड पाठवला की मोडायचं. तिची सहा महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. मी शेरा लिहिला, 'हिच्यामुळे बिल्ड मोडतं. कायम करू नये.' तिची चूक नेमकी कुठे, ते पाहिलंसुद्धा नाही.

शेरा वाचून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. "सर, आता तुम्ही आणि महाराज, दोघांनी एकदम कोड पाठवा. मी हात लावत नाही."

आम्ही पाठवला. लाल पट्टी!

"प्रत्येक वेळी कोड पाठवला की एक बिल्ड सुरू होतं. दोन बिल्ड एकाच वेळी चालली की एकाच फोल्डरमध्ये लिहितात आणि एकमेकांच्या फाइली पुसतात," ती म्हणाली. "मी दिवसातून दहादा थोडं थोडं पाठवते, म्हणून टक्कर माझीच जास्त होते. महाराज सगळ्यांना थांबवतात, म्हणून जुळतं. प्रत्येक बिल्डला वेगळं फोल्डर दिलं की संपलं. लॉगमध्ये यंत्र रोज हेच लिहून ठेवतंय."

"महाराज, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन वर्षांपासून. दुरुस्त केलं असतं, तर मला विचारलं असतं कुणी?"

त्यांच्यावर ओरडायला मला तोंडच उरलं नव्हतं. थाप त्यांची, पण शेरा माझा. सगळ्यांसमोर तो मागे घेताना मान वर होईना.

"माफी राहू द्या सर," ती म्हणाली. "लॉग वाचत जा."

तेच तुम्हालाही सांगतो. कुणाच्या हाताला दोष देण्याआधी काय घडलं ते उघडून वाचा. पाच मिनिटं लागतात. मला सहा महिन्यांत ती काढता आली नाहीत.