बांधावरचं उकळतं पाणी

मी माती उकरणारी गांधीलमाशी बोलतेय. मखमलाबादच्या शिवारात मोतीरामचा झेंडूचा मळा आहे, त्याच्या बांधावरची. मला एकदा नीट बघून घ्या. अंग काळं, पाय आणि निम्मं पोट विटकरी, कंबर दोऱ्याएवढी. मी पोळं बांधत नाही, झुंडीनं राहत नाही. भुईत एकटीच बीळ खणते.

आईला मी कधी पाहिलं नाही. तिनं बिळात ठेवलेला नाकतोडा खाऊन मी वाढले, कोश विणून मातीतच झोपले आणि पुढच्या पावसाळ्यात वर आले. मग माझंही तेच काम सुरू झालं. नाकतोड्याला नांगी मारून लुळं करायचं. जीव घ्यायचा नाही, नाहीतर तो सडतो. मिशी धरून त्याला बिळात ओढायचं, अंगावर एक अंडं घालायचं आणि तोंड मातीनं बुजवायचं. अशी माझी सात बिळं भरली होती. शेजारी आणखी पाच-सहा जणींची होती.

मागच्या वर्षी गोठ्यातल्या पोळ्याच्या गांधीलमाश्यांनी मोतीरामला फोडून काढलं होतं. तो राग त्यानं आमच्यावर काढला. पातेलंभर उकळतं पाणी घेऊन तो बांधावर आला.

"अहो, या त्या माश्या नाय," त्याची बायको मालनबाई मागून ओरडली. "या भुईतल्या. आपला झेंडू खाणारं नाकतोडं धरत्यात या!"

"गांधीलमाशी ती गांधीलमाशी. मला नको शिकवू."

मी शिकार घेऊन परतले तेव्हा बांधातून वाफ निघत होती. सातही बिळांत पाणी मुरलं होतं. माझी एकही लेक उरली नव्हती.

आमची जात माणसाच्या वाटेला जात नाही. त्या दिवशी मी गेले. नाकतोडा तिथंच टाकला आणि मोतीरामच्या मनगटात नांगी खुपसली. तो किंचाळला, पातेलं हातातून सुटलं आणि उरलेलं पाणी त्याच्याच पायावर पडलं. मालनबाई कोरफड आणायला धावली. त्याचं कण्हणं मी पेरूच्या फांदीवर बसून पोटभर ऐकलं.

तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. वाचलेल्या आम्ही ओढ्यापलीकडे पुंजारामचा झेंडूचा मळा होता, त्याच्या बांधावर गेलो. मोतीरामच्या मळ्यावरून उडताना खाली नाकतोडे कळ्या कुरतडताना दिसायचे. मोह व्हावा इतकी सोपी शिकार. मी एकालाही हात लावला नाही. म्हटलं, खा बाबांनो, सावकाश खा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुंजारामचा टेम्पो फुलांनी भरला. मोतीरामच्या दोन पाट्याही भरल्या नाहीत. तो लंगडत ओढा ओलांडून आला, आमच्या बिळांकडे बघत राहिला.

"पुंजारामभाऊ, या माश्यांचं काय करता?"

"काय करायचं? त्या त्यांचं करत्यात, आपण आपलं. हात लावत नाय कुणी."

मोतीराम खाली बसला. हळूच म्हणाला, "माझ्याकडं परत येतील का ओ?"

मी त्याच्या समोरच माती उकरत होते. त्याच्या अंगठ्यावर मुद्दाम दोन खडे उडवले.

आता माझे पंख फाटलेत. शेवटचं बीळ काल बुजवलं. माझ्या लेकी वर येतील तेव्हा मी नसेन. आमच्यात आई लेकीला भेटत नाही, त्यामुळे झालं-गेलं सांगता येत नाही आणि वैर पुढे चालत नाही. एवढ्यावरच मोतीराम वाचला.