हातावरचं दही

दही-साखर म्हणजे खाणं नव्हे, हे नर्मदाबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. घरातलं माणूस मोठ्या कामाला निघालं की उंबऱ्यात थांबवून त्याच्या तळहातावर दही ठेवायचं, वर चिमूटभर साखर. मुलगा महारुद्र मास्तरकीच्या परीक्षेला निघाला तेव्हा तिने दिलं, लेक सासरी निघाली तेव्हा दिलं, नवरा बन्सीधर मानवतच्या बाजार समितीत मापाडी म्हणून पहिल्यांदा गेला तेव्हाही दिलं. पोट भरायला खातात ते खाणं, हातावर पडतो तो शकुन. डॉक्टरलोकांना एवढंही कळत नसेल तर त्यांना कोण समजावणार?

बन्सीधरचं अन्न गेले काही महिने छातीत जळत होतं. अर्धी भाकरी ताटात राहू लागली, सदऱ्याचे खांदे लोंबायला लागले. शेवटी महारुद्रने परभणीच्या एका डॉक्टरकडे दुर्बिणीची तपासणी ठरवली आणि आदल्या रात्री आईला बजावलं, "माय, जेवण झाल्यावर नानाला काहीच द्यायचं न्हाई. चहा न्हाई, पाणीबी न्हाई. पोट रिकामं पाहिजे, तरच आतलं दिसतंय."

नर्मदाबाईने शब्द पाळला. सकाळी चहाचं भांडंही चढवलं नाही, उशाचा तांब्यासुद्धा उचलून ठेवला. थंडी मरणाची होती. महारुद्र रिक्षा बघायला कोपऱ्यापर्यंत गेला आणि बन्सीधर मफलर गुंडाळून उंबऱ्यात आला. तिने वाटी आणली. घरच्या म्हशीच्या दुधाचं दही, सुरीने कापावं असं घट्ट. एरवी चमचाभर देणारी बाई, पण त्या दिवशी काळजीने हात सैल सुटला. "अजून थोडं घ्या," म्हणत तिने वाटी त्याच्या हातावर रिकामी केली. बन्सीधरनेही निमूट चाटून घेतलं. बायकोने हातावर ठेवलेलं त्याने आयुष्यात कधी नाकारलं नव्हतं.

संध्याकाळी बापलेक परतले. नर्मदाबाई परातीत पीठ मळत होती, सून चुलीपाशी होती. महारुद्र शाळेत शिकवावं तसा समजावून सांगायला लागला. "पोटाच्या आतलं अस्तर किती स्वच्छ दिसतंय ते चार भागात बघतेत, माय. हरेक भागाला गुण. तीन भागात नाना पास. पण एकदम वरच्या भागात नापास! तिथं पांढरं थापलेलं व्हतं म्हणे, दह्यागत. पाणी मारून धुतलं, तरी निघंना. डॉक्टर मलाच इचारायलाय, काय खाल्लं म्हणून. मी म्हणलं, साहेब, रातीपासून मी सोबत हाय, घोटभर पाणी न्हाई पोटात."

पिठातला हात थांबला. बन्सीधरने एकदा बायकोकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून दुखरा घसा चोळत बसला.

"मग आता?" तिने विचारलं.

"दिसलं तिथं सूज हाय. गोळ्या दिल्यात. पण पंधरा दिवसांनी पोट साफ ठिवून पुन्हा या म्हणलेत."

"पुन्हा न्हाई," बन्सीधर म्हणाला. "त्यो पाईप गिळताना एक बारी मेलो, तेवढं पुरे."

इथे नर्मदाबाईने तोंड उघडायला हवं होतं. अरे, ते दहीच होतं, मीच दिलं, एवढं बोलली असती तरी भागलं असतं. महारुद्रने आकाशपाताळ एक केलं असतं, सुनेसमोर आईला अडाणी म्हटलं असतं, आणि दुसऱ्या तपासणीला बापाला उचलून नेलं असतं. पण लेकाच्या रागाची आणि सुनेच्या नजरेची तिला भीती वाटली. ती पीठ मळत राहिली, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

गोळ्यांनी गुण आला, हेच वाईट झालं. जळजळ थांबली, बन्सीधर भाकरी संपवू लागला. महारुद्रने दोनचारदा विषय काढला, मग शाळेची गडबड लागली आणि तोही विसरला. नर्मदाबाईने मनाची समजूत घातली, तीन भाग चांगले निघाले, चौथ्यात वेगळं काय असणार? पोत्याच्या तळाला हात घातल्याशिवाय माल सांगू नये, हे बन्सीधरने बाजारात जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. स्वतःच्या पोटाबाबत मात्र त्याने वरचा दाणा बघून सौदा केला.

पोळा जवळ आला आणि घास अडकायला लागला. आधी भाकरी, मग भात, मग वरणसुद्धा. गिळलेलं छातीपाशी थांबायचं आणि उलटून यायचं. या खेपेला बन्सीधर जायला नाही म्हणाला नाही.

निघताना तो सवयीने उंबऱ्यात थांबला आणि त्याने तळहात पुढे केला.

"आज न्हाई," नर्मदाबाई म्हणाली.

त्याने हात मागे घेतला आणि काही लागलेलं नसतानाही सदऱ्याला पुसला. पदर खोचून तीही बरोबर निघाली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरने तिघांना आत बोलावलं. बन्सीधर भिंतीशी कलंडून खुर्चीत बसला होता. "या वेळी पोट एकदम स्वच्छ होतं," डॉक्टर म्हणाला. "चारही भागांत पैकीच्या पैकी."

नर्मदाबाईला एवढा आनंद झाला की तिने हात जोडले.

"त्यामुळे सगळं नीट दिसलं," डॉक्टरने पडद्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. वरच्या भागात एक गाठ होती, कडा उचललेली, मध्ये जखम. तुकडा तपासायला काढलाय, पण तुम्ही मनाची तयारी ठेवा आणि संभाजीनगरला कॅन्सरच्या दवाखान्यात जायचं बघा, असं तो हळू आवाजात म्हणाला. नर्मदाबाईचे हात अजून जोडलेलेच होते.

"मागच्या बारीला हे व्हतं का?" महारुद्रने विचारलं.

"असेलही. मागच्या वेळी नेमका हाच भाग झाकलेला होता. म्हणूनच परत बोलावलं होतं."

"पण उपाशी पोटात झाकलं कशानं?"

नर्मदाबाईचे ओठ हलले. तेवढ्यात बधिर घशातून बन्सीधरचा आवाज आला. "म्या खाल्लं व्हतं. स्टँडवर. तू तिकटाला गेलतास तवा. वाटीभर दही."

महारुद्र डॉक्टरसमोरच बापावर तुटून पडला. "लेकरू हाव का तुमी, नाना? एक सकाळ जीभ आवरली न्हाई तुमाला? मी तिथं छाती ठोकून सांगायलो, अन् तुमी कामून गप बसलाव?" बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि तो भिंतीकडे तोंड करून रडू लागला. बन्सीधरने बायकोकडे पाहून हळूच मान हलवली, बोलू नको म्हणून. तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. नवऱ्याने शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसल्या असत्या, हे सोसेना.

तुकड्याचा निकाल डॉक्टर म्हणाला तोच आला.

संभाजीनगरला निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी होती. महारुद्र पिशवी घेऊन पुढे झाला. बन्सीधर उंबऱ्यात थांबला.

"आज खायला बंदी न्हाई ना?" त्याने लेकाला विचारलं.

"न्हाई. दाखवायलाच जायलाव."

त्याने तळहात पुढे केला. नर्मदाबाई मागच्या दाराने शेजारच्या लक्ष्मीबाईकडे धावली आणि पदराखाली वाटी झाकून परतली. तिने त्याच्या हातावर दही ठेवलं. महारुद्रचा चेहरा ताठ झाला. "दही! माय, त्या दह्यानंच तर..."

"ह्यांनी स्टँडवर काही खाल्लं न्हाई," नर्मदाबाई म्हणाली. "म्या दिलं व्हतं, हितंच, ह्या उंबऱ्यात. अन् त्या संध्याकाळी तू सांगायलास तवा म्या गप बसले. ह्यांनी माझं झाकलं."

ओरडायला महारुद्रने तोंड उघडलं, पण सगळं ओरडणं त्या दिवशी बापावर खर्चून झालं होतं. त्याने पिशवी खाली ठेवली.

बन्सीधरने काही ऐकलंच नाही असं दाखवत दही जिभेवर घेतलं. ते गिळायला त्याला वेळ लागला.

"आपल्या घरचं न्हाई हे," तो म्हणाला.

"लक्ष्मीबाईकडचं हाय."

"दारात म्हैस दुभती असताना?"

नर्मदाबाईने पदराच्या टोकाने त्याचा तळहात पुसला.

"म्या विरजण लावायचं सोडलं," ती म्हणाली. "परभणीहून आल्यापासून."