मेलेल्या माणसाचा दगड

मायरन पिडस्काल्नी कर्लिंगच्या बर्फावर मेला, त्याला या मार्चमध्ये वर्ष होत होतं. त्यानंतर त्याची तब्येत चांगली होती.

मेला म्हणजे अगदी रीतसर मेला. हृदय बंद, श्वास बंद, डोळे उघडे, आणि चेहऱ्यावर दगड झकास सुटल्याचं समाधान. कर्लिंगमध्ये करायचं एवढंच असतं: बर्फावरून एक गुळगुळीत दगड सरकवायचा आणि पलीकडच्या टोकाला रंगवलेल्या वर्तुळात तो थांबवायचा. वाटेत त्याच्यापुढचा बर्फ झाडूने घासायचा, कारण घासला की दगड आणखी लांब जातो. वेर्बा गावात अर्धं वर्ष बर्फ असतो आणि हा खेळ चालतो. उरलेलं अर्धं वर्ष त्यावर भांडणं चालतात.

त्या दिवशी गावातली अंतिम लढत होती आणि शेवटचा दगड मायरनचा होता. वर्तुळात थांबला तर मायरनचा संघ जिंकणार. पार निघून गेला तर व्हॅल्डा फ्रीसनचा. मायरनच्या हातून तो जरा जोरातच सुटला. वर्तुळाचा मध्य ओलांडून पलीकडच्या कडेकडे निघाला, आणि मध्य ओलांडला की समोरच्या कप्तानालाही झाडू चालवायची मुभा असते. व्हॅल्डा झाडू टेकवून उभीच होती. तिने दोन-चार हात मारले असते की दगड बाहेर आणि चषक तिच्या घरी.

नेमका तेव्हा दुसऱ्या टोकाला मायरन आडवा झाला.

व्हॅल्डा दिवसभर ट्रॅक्टरचे सुटे भाग विकायची आणि उरलेल्या वेळात गावच्या अँब्युलन्सवर फुकट राबायची. तिने झाडू टाकला, बर्फावरून धावत गेली आणि मायरनच्या छातीवर दोन्ही हातांनी असा काही भार दिला की बरगड्या मोडल्याचा आवाज प्रेक्षकांत ऐकू आला. भिंतीवरचं शॉक द्यायचं यंत्र आलं. पहिल्या शॉकला मायरन आला नाही. दुसऱ्याला आला, आणि म्हणाला, "आत राहिला का?"

राहिला होता. कडेवर, केसभर आत.

पुढे क्लबच्या समितीने खास बैठक घेतली. दगड थांबला तेव्हा तो टाकणारा हयात नव्हता, मग दगड धरायचा का? मोठी खडाजंगी झाली. शेवटी ठराव झाला की दगड सुटतेवेळी खेळाडू जिवंत होता आणि नंतर त्याने काय करावं हा त्याचा खासगी प्रश्न आहे. विजय मायरनचा. चषक त्याच्या फ्रिजवर जाऊन बसला.

हा चषक म्हणजे सोनेरी रंग दिलेला, उशीएवढा, प्लास्टरचा पिरोगी. करंजीचा थोरला भाऊ शोभावा असा. परगावच्या लोकांना तो कान वाटतो.

मायरनला मात्र तो डोळा वाटायला लागला होता. दुधाची पिशवी काढायला गेलं की वरून बघायचा. जिने आपल्याला परत आणलं तिलाच आपण वर्षभर हरवून ठेवलंय, आणि तिला साधं 'उपकार झाले' म्हणणंसुद्धा जमलेलं नाही.

प्रयत्न केले नव्हते असं नाही. पहिल्यांदा तो बायकोने केलेला मधाचा केक घेऊन व्हॅल्डाच्या दुकानात गेला. तिने नाडी बघितली, गोळ्या वेळेवर घेतो का विचारलं, आणि तो बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात केक नव्हता पण ट्रॅक्टरचा पट्टा होता. त्याच्याकडे ट्रॅक्टर नाही. दुसऱ्यांदा चर्चच्या जत्रेत त्याने तिला गाठलं, "व्हॅल्डा, मला तुला एक सांगायचं आहे," म्हणाला, आणि तिच्या कमरेचा पेजर वाजला. ती गेली. तिसऱ्यांदा त्याने फोन केला.

"व्हॅल्डा... मी... मायरन..."

"बोलू नकोस," व्हॅल्डा म्हणाली, "पडून राहा. निघालेच."

मायरन आभार मानायला दारात उभा राहिला, तर भोंगा वाजवत अँब्युलन्स अंगणात. त्याला झोपवून, पट्टे आवळून, तोंडावर नळी लावून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. नळीतून आभार मानता येत नाहीत, हे त्याला त्या दिवशी कळलं.

आणि आता व्हॅल्डा गाव सोडून चालली होती. लेकीला तिकडे दूर केलोना शहरात जुळं झालं होतं. सोमवारी सामानाचा ट्रक येणार होता. त्याआधी शनिवारी अँब्युलन्सच्या लोकांचा सत्कार, गावच्या हॉलमध्ये. दरवर्षी तिथे वाचलेल्या माणसाने वाचवणाऱ्याच्या छातीवर पितळी बिल्ला लावायचा असतो. यंदा वाचलेला मायरन होता. दुसरा उमेदवारच नव्हता.

"तो कान कशाला बरोबर घेतलास?" गाडीत बसताना स्टेफ्काने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"देऊन टाकणार. सगळ्यांसमोर."

"ती घेईल?"

"सगळ्यांसमोर नाही कशी म्हणेल?"

"मायरन," स्टेफ्का म्हणाली, "तू एकदा मेलास म्हणून शहाणा झालास असं काही नाही हं."

हॉलमध्ये आसपासच्या चार गावांचे अँब्युलन्सवाले जमले होते. अशा ठिकाणी जेवणं फार अवघड. मायरनला कोबीच्या रोलचा घास जरासा अडकला आणि तो खोकला, तर शेजारची तीन टेबलं उठून उभी राहिली. एकाने तर त्याला मागून मिठीही मारली.

"सोड रे! तिखट लागलं!"

"नक्की?" तो माणूस जरा हिरमुसला.

सत्काराच्या रात्री पेजर कुणी सांभाळायचा हा जुना प्रश्न होता. आजवर ड्युटीवर असलेला माणूस सत्काराला मुकायचा, त्यामुळे बिल्ला नेहमी कामावर नसलेल्याला मिळायचा. यंदा शेजारच्या लुंडबी गावाने कधी नव्हे तो मोठेपणा दाखवला. 'आज तुमचे कॉल आम्ही घेतो, तुम्ही बिनधास्त बिअर प्या.' सगळ्यांनी ते मनावर घेतलं. फक्त व्हॅल्डा आणि तिची जोडीदारीण इर्मा ताक पीत बसल्या होत्या.

"लुंडबीवाल्यांवर विश्वास नाही का?" मायरनने विचारलं.

"आहे की," व्हॅल्डा म्हणाली. "त्यांच्या टायरांवर नाही. ते मीच विकलेत."

महापौर ओरेस्ट उठला. ओरेस्ट एरवी गुरांचा लिलाव करायचा आणि मायरनच्या संघात खेळायचा, त्यामुळे त्याचं भाषण वेगवान असलं तरी दर दोन वाक्यांनी चषकावर यायचं. "ज्या बर्फावर आपण जिंकलो, त्याच बर्फावर या भगिनीने..." व्हॅल्डा छताकडे बघत होती. मग त्याने मायरनला वर बोलावलं.

मायरनने खिशातून भाषणाचा कागद काढला आणि परत ठेवला. बिल्ला लावला.

"टोचलास," व्हॅल्डा म्हणाली.

"तू बरगड्या मोडल्यास, मी काही बोललो?"

सभागृह हसलं. तेवढ्यात मायरनने टेबलाखालून पिरोगी काढून तिच्यासमोर धरला. "हा तुझा आहे. तू झाडू टाकला नसतास तर माझा दगड बाहेर होता. अख्ख्या गावाला माहीत आहे. घे, आणि..."

"नको."

"अगं, पण..."

"दयेचा पिरोगी नको मला," व्हॅल्डा म्हणाली. हसत नव्हती. "मी इथे मोप वर्षं खेळले, मायरन. एकदाही जिंकले नाही. जिंकून मिळाला असता तर केलोनापर्यंत मांडीवर घेऊन गेले असते. तू मेलास म्हणून मिळालेला मी भिंतीवर लावू? नातवंडांना काय सांगू?"

मायरन पिरोगी घेऊन उभा राहिला. त्याला वाटलं, संपलं. चौथा प्रयत्नही गेला. आता ही सोमवारी जाणार, आणि हा डोळा माझ्या फ्रिजवर, मी दुसऱ्यांदा मरेपर्यंत.

"मग दगड परत टाक," मागून स्टेफ्का म्हणाली. तिचं तोंड केकने भरलेलं होतं. "बर्फ आहे की पलीकडे. दाराला कडीसुद्धा नाही."

हॉलच्या मागच्या भिंतीपलीकडेच कर्लिंगचं मैदान. लोक ताटल्या आणि ग्लास घेऊन उठले.

मायरनने काढलेला कोट स्टेफ्काने धरला. वेगवेगळ्या गावांचे सहा-सात अँब्युलन्सवाले त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. एकाने भिंतीवरचं यंत्र काढून आणलं, एकाने त्याच्या शर्टाची वरची बटणं आधीच सोडून ठेवली.

"हे कशाला?"

"वेळ वाचतो."

पलीकडच्या टोकाला, वर्तुळाच्या मागे, व्हॅल्डा झाडू घेऊन उभी राहिली. छातीवर बिल्ला, कमरेला पेजर. "या वेळेला मरायचं नाही!" तिने ओरडून सांगितलं.

"तू जिंकायला घाबरू नकोस म्हणजे झालं!"

मायरन वाकला. वर्षभर तो हा दगड रोज टाकत होता, दात घासताना, बटाटे सोलताना, मधाच्या केकची वाट बघताना. हात आपोआप पुढे गेला. दगड सुटला, आणि मायरनला लगेच कळलं: तोच दगड. तोच थोडा जास्तीचा जोर. झाडला तर बाहेर, न झाडला तर केसभर आत.

छान, त्याला वाटलं. आता ती झाडेल आणि जिंकेल. मी जिवंत असताना. मग मी तिच्याजवळ जाईन आणि बोलेन.

दगड अर्ध्या वाटेवर असताना पेजर वाजला. एकटा व्हॅल्डाचा नाही, सगळ्यांचे वाजले. बर्फाच्या मैदानावर आवाज फार घुमतो. मावचन यांच्या शेतावर बाई बाळंत होतेय, लुंडबीची अँब्युलन्स निघाली होती ती वाटेतल्या खड्ड्यात आडवी झाली, वेर्बाकडे कोणी आहे का?

सगळ्यांनी हातातल्या ग्लासांकडे बघितलं. मग ताक प्यालेल्या दोघींकडे.

व्हॅल्डाने दगडाकडे पाहिलं. तो अजून वर्तुळाच्या मध्याच्या अलीकडे होता, तिला हात लावता येत नव्हता. आणखी पाच श्वास थांबली असती तर चाललं असतं. तिने झाडू टाकला. "इर्मा, चावी!" दार उघडलं, थंड हवा आत आली, दार आपटलं.

"या बाईला माझा दगड पुरा होईपर्यंत कधी थांबवत नाही!" मायरन म्हणाला, आणि पळायला लागला.

म्हणजे त्याच्या परीने पळायला लागला. एक पाय घसरता, एक पाय ढकलता. दोन्ही बाजूंनी अँब्युलन्सवाले यंत्र घेऊन धावू लागले.

"पळू नका, मायरनकाका!"

"पळत नाहीये! घसरतोय!"

"मग घसरू नका!"

दगडाने मध्य ओलांडला. मायरन वर्तुळापाशी पोचला तेव्हा तो अगदी मंदावला होता, पाव खाऊन सुस्तावलेल्या मांजरासारखा. मायरनने व्हॅल्डाचा झाडू उचलला आणि दगडापुढचा बर्फ जीव खाऊन घासायला लागला.

"अरे!" मागून ओरेस्टचा आवाज आला. "आपलाच दगड आहे तो! बाहेर जाईल ना!"

"कळतंय मला!"

"मग थांब की गाढवा!"

"स्वतःचा दगड झाडायला नियमात बंदी आहे का? सांग! आहे का?"

ओरेस्ट थबकला. समितीचा अध्यक्षही तोच होता. "नाही," तो फार कष्टाने म्हणाला.

मायरनने आणखी तीन हात मारले. दगड कडेवर आला, जरा थांबल्यासारखा झाला, आणि मग बाहेर गेला. केसभर नाही, चांगला वीतभर. मायरन झाडूवर ओणवा होऊन धापा टाकू लागला. लगेच चौघांनी त्याच्या दोन्ही मनगटांची नाडी धरली. एकाने मानेची धरली. कोणीतरी चुकून ओरेस्टचीही धरली.

"मला रेडिओ द्या," मायरन म्हणाला.

अँब्युलन्सच्या रेडिओवर असलं काही बोलायचं नसतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून चौघांनी आपापले रेडिओ पुढे केले.

"व्हॅल्डा? कुठे आहेस?"

"लुंडबीवाल्यांच्या खड्ड्याशेजारून चाललेय. हात केला त्यांना. काय झालं दगडाचं?"

"बाहेर गेला."

"तिथे कोणी नव्हतं. कसा गेला बाहेर?"

"मी झाडला. ओरेस्टने निकाल दिलाय. तू जिंकलीस."

मायरनला त्याचं भाषण आठवलं, खिशात होतं, पण हात अजून लोकांच्या ताब्यात होते.

"व्हॅल्डा," तो म्हणाला, "वर्षभर मी..."

"माहीत आहे रे मला," व्हॅल्डा म्हणाली. "छाती कशी आहे?"

"धडधडतेय."

"धडधडू दे. त्यासाठीच तर बरगड्या मोडल्या होत्या."

रेडिओ बंद झाला. मायरन बर्फावरच खुर्ची मागवून बसला आणि स्टेफ्काने त्याच्या शर्टाची बटणं लावली. मग सगळे हॉलमध्ये परत गेले, कारण केक उरला होता. पिरोगी व्हॅल्डाच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, आणि पडू नये म्हणून मायरनने त्याला ट्रॅक्टरच्या पट्ट्याने बांधून टाकलं. पट्टा वर्षभर गाडीच्या डिकीतच होता.

केक संपत आला तेव्हा रेडिओ पुन्हा बोलला.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आणि कोबीचे रोल ठेवा, दवाखान्याकडे जाताना हॉलवरून येतो, बाळंतिणीला धरून आम्ही तिघी आहोत." मग जरा थांबून, "नाही, मावचनच्या सासूबाईही येतायत. त्यांना पिरोगी बघायचाय. चौघींचे ठेवा."