बायपासवाला जावई

फर्डिनंडने ग्लेनला चहा दिला, बिस्किटं पुढे केली आणि मग नोकरीचं विचारलं. पोरगा बोलायला मवाळ, लेकीला, सँड्राला, पसंत. सगळं जुळत आलं होतं.

"चिंचोटीजवळच्या नव्या सबस्टेशनमध्ये असतो, अंकल," ग्लेन म्हणाला. "रिअ‍ॅक्टर सांभाळतो."

पालघर जिल्ह्यातल्या माणसाला रिअ‍ॅक्टर म्हटलं की एकच गोष्ट आठवते, तारापूरची अणुभट्टी. फर्डिनंडच्या डोळ्यांसमोर नको नको ते उभं राहिलं. एकुलती एक पोर, उद्या तिला होणारी मुलं, आणि जावयाच्या कपड्यांतून घरात येणारा तो अणू. "विचार करून कळवतो," म्हणत त्याने पाहुण्याची बोळवण केली.

सँड्रा शाळेत विज्ञान शिकवायची. तिने बापाला आकृती काढून दाखवली. यात अणूबिणू काही नाही, तेलाच्या टाकीत बसवलेली तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. बाप ढिम्म.

"नाव रिअ‍ॅक्टर आहे ना? मग झालं."

चर्चमध्ये लग्नाची घोषणा व्हायची तर फादरकडे नावं द्यायला हवी होती. ती दिलीच गेली नाहीत. सँड्राने बापाशी बोलणं टाकलं. घरात भांडी तेवढी वाजत होती, आणि फर्डिनंडला तेही सहन होत नव्हतं.

रविवारी मिस्सा आटोपून ग्लेन थेट वाडीत आला. फर्डिनंड केळींचं पाणी आवरत होता. एकेक लाइन बंद करताना दुसऱ्या हाताने तो पंपाजवळचा बायपासचा व्हॉल्व्ह थोडा थोडा खोलत होता.

"हा कशाला खोलता, अंकल?"

"लाइनी बंद केल्यावर पाण्याने जायचं कुठं? पाइप फुटेल. जास्तीचं परत विहिरीत."

"मग एकदाच पूर्ण खोलून ठेवा ना."

"आणि केळींना काय पाजू? जेवढी लाइन बंद, तेवढाच खोलायचा. त्याला अंदाज लागतो."

"मी तेच करतो," ग्लेन म्हणाला. "सुट्टीला कारखाने बंद असतात, वीज कमी लागते. मग लांबच्या लाइनीत व्होल्टेज चढतं. आमचा रिअ‍ॅक्टर ते खाली धरतो. जुना असायचा तो एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. हा तुमच्या व्हॉल्व्हसारखा, हवा तेवढा कमी-जास्त होतो."

फर्डिनंडने व्हॉल्व्ह जरा आवळला, जरा सैल केला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग सरळ बायपास म्हणा की. रिअ‍ॅक्टर म्हणून लोकांचा जीव कशाला घेता?"

मनातून तो ओशाळला होता, आणि त्याहून जास्त त्याला हायसं वाटलं होतं. संध्याकाळी त्याने फादरकडे नावं दिली. कोणी न विचारताही तो आता आपणहून सांगायचा, "जावई बायपासवाला आहे."

पुढच्या रविवारी घोषणा झाली. चर्चबाहेर त्याची बहीण रिटा डोळे पुशीत आली. सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरगी एवढी जड झाली तुला? तिशीच्या आत बायपास झालेला नवरा बघितलास?"

आजूबाजूच्या बायका जवळ सरकल्या. सँड्राने हसू लपवायला तोंड फिरवलं. फर्डिनंडने घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काळीज ठणठणीत आहे त्याचं. माझा जावई रिअ‍ॅक्टर चालवतो."

रिटाने छातीवर क्रूस काढला. "तारापूरला?"

फर्डिनंडने तिचा हात धरला. "चल वाडीत. व्हॉल्व्ह फिरवून दाखवतो."