एकनाथकाका परत का येणार

"आता परत का येणार, ते लिही," पद्मिनीकाकू म्हणाल्या.

मी लॅपटॉपवर 'आय विल रिटर्न बिकॉज' इतकं टाइप केलं आणि एकनाथकाकांकडे बघितलं. काका शेंगा सोलत होते.

"म्हणजे? परत नाही येणार तर काय प्रागमध्ये शेती करणार का मी?"

"काका, असं नाही लिहिता येत."

"का? खरं आहे की."

मी यांच्या बेसमेंटमध्ये राहतो. पार्सिपनी, न्यू जर्सी. वेबसाइट बनवतो, यूट्यूबवर बघून शिकलो. त्यामुळे या घरात कॉम्प्युटरवर काही करायचं असलं की वरून हाक येते, "अनीऽश!" एकदा टोस्टर बिघडला तेव्हाही आली होती.

या वेळचं काम मात्र मोठं होतं. सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला असलेल्या मुलीने, स्वानंदीने, दोघांना प्रागची तिकिटं गिफ्ट दिली होती. जानेवारीतला लाँग वीकेंड, चार दिवस. रिफंड नाही. काकूंना बर्फातलं प्राग बघायचं होतं, गेली कित्येक वर्षं. त्यांचं प्लॅनिंग फ्रिजवर लागलंसुद्धा. दिवस पहिला: पूल. दिवस दुसरा: किल्ला (गुडघे बघून). दिवस तिसरा: घड्याळ, मग गरम काहीतरी. दिवस चौथा: राहिलेलं. शेवटी लाल पेनने: राइस कुकर, मेतकूट, प्लगचा अ‍ॅडॅप्टर!!

काकूंचा पासपोर्ट अमेरिकन. त्यांना व्हिसा लागत नाही, उठल्या की निघाल्या. काका मात्र इंडियन पासपोर्टवाले. त्यांना व्हिसा, आणि त्यासाठी एक पत्र: मी चार दिवसांनी अमेरिकेत नक्की परत येईन, त्याची ही ही कारणं.

"घर लिहू?" मी विचारलं.

"घर हिच्या नावावर आहे."

"मुलगी?"

"ती सिअ‍ॅटलच्या बाजूला. तिच्यासाठी न्यू जर्सीला कोण येतं?"

"अरे, बायको लिही ना सरळ," काकू म्हणाल्या.

"पण काकू, तुम्ही बरोबर चाललाय. ऑफिसर म्हणेल, बायको इथेच आहे, आता हा कशाला जातोय परत."

काकांनी शेंग खाली ठेवली. "मग सोपं आहे. हिला इथे ठेवतो, मी एकटा जाऊन येतो. कारण पक्कं."

"अहो, प्राग मला बघायचंय!"

शेवटी नोकरी लिहिली. काका वजनकाटे तपासतात. सव्वीस वर्षं. फार्मसी, ग्रोसरी, आयसेलिनची मिठाईची आणि सोन्याची दुकानं, सगळीकडे आपली वजनांची पेटी घेऊन जायचं, काटा खरं बोलतोय का बघायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. सहा फुटी मॅनेजरला हा माणूस इंग्लिशमध्ये सांगत होता, "सर, युवर मशीन इज लायिंग. नॉट बिग लाय. स्मॉल लाय. बट डेली." मॅनेजर चळाचळा कापत होता.

तर असा माणूस. आणि त्यांचा इंडियन पासपोर्ट म्हणजे इथल्या मराठी मंडळात फेमस गोष्ट. चौदा वर्षांपूर्वी दोघांनी सिटिझनशिपचा फॉर्म एकत्र भरला. काकू झाल्या. काकांनी ऐन वेळी नकार दिला. "ऑफिसरच्या तोंडावर सांगितलं, हे निळं पुस्तक मी सोडणार नाही!" दर सव्वीस जानेवारीला हे भाषण असतं, नंतर टाळ्या असतात. अमेरिकेचा पासपोर्टपण निळाच आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

"ग्रीन कार्डची कॉपी लागेल," मी म्हणालो.

"कपाटात फाइल आहे, घे," काका म्हणाले आणि शेंगांची टरफलं टाकायला बाहेर गेले.

फाइल काढली. प्रत्येक कप्प्यावर काकूंच्या अक्षरात चिठ्ठी. टॅक्स, गाडी, दात. 'इमिग्रेशन'च्या कप्प्यात ग्रीन कार्डच्या कॉपीमागे एक जुना कागद होता. मी वाचला. वाचायला नको होता, पण वाचला. सिटिझनशिपच्या परीक्षेचा निकाल. एकनाथकाका नापास. त्याला जोडून दुसरा कागद: परत परीक्षा द्यायला या, अमुक तारखेला.

माझ्या मागे काकू उभ्या होत्या.

"ठेव ते जागेवर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"काकू, हे..."

"पाकीट त्यांनी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यामागे लपवलं होतं. ओल लागली असती कागदाला. सरकारी कागद आहे, म्हणून आणून लावला फाइलला."

"चौदा वर्षं तुम्ही ते भाषण ऐकताय?"

"टाळ्यापण वाजवते. तू गप्प बस हं अनीश. एक शब्द नाही."

बाहेरून काकांचा आवाज आला, "अरे, सापडलं का?"

"सापडलं!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

त्यानंतर प्रॅक्टिस सुरू झाली. काकांचं म्हणणं, व्हिसावाले प्रश्न विचारणार. रोज जेवण झालं की काकू ऑफिसर व्हायच्या. टेबलाच्या पलीकडे बसायच्या आणि काउंटरची काच हवी म्हणून केकच्या डब्याचं प्लास्टिकचं झाकण तोंडासमोर धरायच्या.

"गुड मॉर्निंग सर," झाकणामागून काकू.

काका गप्प.

"सर, गुड मॉर्निंग!"

काका गप्प. मी हसलो. मग बघितलं तर काकांचे कान लाल झाले होते आणि ओठ नुसते हलत होते. समोर स्वतःची बायको, हातात झाकण, आणि हा मशीनला खोटारडं म्हणणारा माणूस गुड मॉर्निंग म्हणू शकत नव्हता.

"जमणार नाही मला," ते म्हणाले. "तू स्वानंदीला घेऊन जा प्रागला."

"मला स्वानंदीबरोबर नाही जायचं. ती भराभर चालते."

"मग तुझं राहील."

"राहील तर राहील. गुड मॉर्निंग सर."

तीन आठवडे हे चाललं. चौथ्या दिवशी गुड मॉर्निंग आलं. नवव्या दिवशी 'फॉर साइटसीइंग'. दोन आठवडे झाल्यावर काका झाकणाकडे बघून अख्खं बोलले: "आय विल कम बॅक बिकॉज हंड्रेड अँड फोर्टी स्केल्स आर वेटिंग फॉर मी." मी शिट्टी मारली. काकूंनी झाकण खाली ठेवून त्यांना वाटीभर श्रीखंड दिलं.

(व्हिसा मिळाला. आधीच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. पण गोष्ट त्याची नाही.)

अपॉइंटमेंट न्यूयॉर्कला होती. आम्ही तिघं बसने गेलो. आत फक्त अर्जदाराला सोडतात. काका कोटाची सगळी बटणं लावून, फाइल छातीशी धरून आत गेले. काकू आणि मी समोरच्या दुकानात कॉफी घेऊन काचेला चिकटून उभे. काकूंनी कॉफीला तोंडही लावलं नाही.

"पाणी प्यायलेत ना ते?" त्यांनी विचारलं.

"प्यायलेत."

"जास्त नाही ना प्यायले?"

पंचवीस मिनिटांनी काका बाहेर आले. चेहरा असा, की आम्ही कॉफी तिथेच सोडून पळालो.

"काय झालं?"

"काही विचारलंच नाही!" काका फुटपाथवर ओरडले. दोन बायका वळून बघायला लागल्या. "बोटं इथे ठेवा. इकडे बघा, फोटो. नेक्स्ट! मी स्वतःहून म्हणालो, मॅडम, आय विल कम बॅक बिकॉज... ती म्हणाली, ओके, नेक्स्ट! एकशेचाळीस काट्यांपर्यंत पोचूच दिलं नाही!"

"अहो, मग चांगलंच झालं की."

"चांगलं काय? तीन आठवडे फुकट गेले!"

आम्ही बस स्टँडकडे चालायला लागलो. वारा नुसता कापत होता. सिग्नलला चालायचा दिवा लागला, लोक निघाले, काका निघाले नाहीत.

"पद्मिनी, एक सांगायचंय."

"बसमध्ये सांगा. थंडी आहे."

"नाही, इथेच. ते पासपोर्टचं... मी नकार वगैरे काही दिला नव्हता. मी नापास झालो होतो."

मी समोरच्या बिल्डिंगचे मजले मोजायला लागलो.

"अग्गोबाई!" काकूंनी छातीवर हात ठेवला. "नापास? तुम्ही?" इतकी वाईट अ‍ॅक्टिंग मी मंडळाच्या नाटकातही बघितलेली नाही.

"मला वाटलं तू ओळखलं असशील."

"मी? मला कसं कळणार? मी तुमच्या कागदांना कधी हात तरी लावते का?"

काकांनी मान हलवली. पटलं त्यांना. माणसाला पटवून घ्यायचं असलं की पटतं.

"कुठला प्रश्न अडला होता?" काकूंनी विचारलं.

"एकही नाही. शंभरच्या शंभर पाठ होते. ऑफिसर समोर बसला आणि म्हणाला, 'हाऊ आर यू टुडे?' तिथेच अडलो. पुढचं काही आलंच नाही तोंडातून."

दिवा बदलला होता. परत लागेपर्यंत आम्ही तसेच उभे.

बसमध्ये ते दोघं पुढच्या सीटवर, मी मागे. बस बोगद्यात शिरली, खिडक्या काळ्या झाल्या. काकू इतक्या हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"झेंड्यावर पट्टे किती?"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग समोर बघितलं.

"थर्टीन."

"सुप्रीम कोर्टात जज?"

"नाइन."

"सिनेटर?"

"हंड्रेड."

"एका लांब नदीचं नाव."

"मिसिसिपी. मिझुरीपण चालतं."

"पश्चिमेला समुद्र कुठला?"

"पॅसिफिक."

"स्वातंत्र्यदिन?"

"जुलै फोर्थ," काका म्हणाले. आता आवाज बराच मोठा झाला होता. पलीकडच्या सीटवरच्या माणसाने कानातला हेडफोन काढला.

सहा झाले. माझ्या आईबाबांची तयारी मीच करून घेतली होती, म्हणून मला माहीत होतं. त्या शंभरातले दहाच विचारतात, आणि सहा बरोबर आले की ऑफिसर थांबतो आणि पास म्हणतो. काकूंनीही ती परीक्षा दिलेली. त्यांना माहीत नसेल असं कसं होईल.

त्यांनी पर्स मांडीवर सरळ ठेवली.

"सातवा," काकू म्हणाल्या.