भिंतीचं भाडं

भागीरथाबाई तोंडाची फाटकी आहे, असं नंदनवन वस्तीत सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांतले निम्मे रोज सकाळी तिच्याच दारी दुधाचं भांडं घेऊन उभे असत, ते सोडा. पण त्या वर्षी ती एका भिंतीवर चिडली होती, आणि भिंतीवर चिडलेली बाई म्हटल्यावर लोकांना हसायला आयतंच कारण मिळालं. हसणाऱ्यांनी ती भिंत एक दिवस धुऊन पाहायला हवी होती.

घर उमरेड रोडच्या वळणावर होतं. वळण असं की उमरेडहून येणारी एसटी बराच वेळ त्या घराच्या आडव्या भिंतीकडे तोंड करूनच यायची. भिंतीला ना खिडकी ना दार, आणि सकाळचं पहिलं ऊन तिच्यावर. भागीरथानं पंधरा वर्षं तिथं गोवऱ्या थापल्या. खालपासून हात पोचेल तिथवर ओळीच ओळी, आणि प्रत्येकीवर तिची पाच बोटं. पावसाळा सोडला तर भिंत कधी रिकामी दिसली नाही. त्या गोवऱ्यांवर तिनं पोरीच्या, प्रेमिलाच्या लग्नात चांदीची जोडवी केली, स्वतःला चष्मा केला. तिची आई जिजाबाई उमरेडला मुलाकडे राहायची. तिला भेटायला जाण्यासाठी भागीरथानं नवऱ्यापुढे तिकिटाच्या पैशांसाठी कधी हात पसरला नाही.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर कृष्णकांत नावाचे एक गृहस्थ स्कूटरवरून आले. सीताबर्डीवर त्यांचं जाहिरातीचं ऑफिस होतं. त्यांनी भिंत पाहिली, दोन पावलं मागे सरले आणि मुलगी पसंत पडल्यासारखी पुन्हा पाहिली.

"रुपराव, ही भिंत म्हणजे सोनं आहे," ते म्हणाले. "दिवसभर एसट्या, वर कोळशाचे ट्रक. जो येईल त्याची नजर इथंच पडणार. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही. बसल्या जागी महिन्याला साठ रुपये."

रुपराव, म्हणजे भागीरथाचा नवरा, लकडगंजला आरामशीनवर, लाकडं चिरायच्या गिरणीत, कामाला होता. दिवसभर लाकडं उचलायची, भुसा खायचा. 'बसल्या जागी' हे शब्द त्याच्या कानात असे गेले की पुढचं काही ऐकायला जागाच उरली नाही. त्यानं तिथल्या तिथं सही ठोकली. बायकोला विचारावं, हे त्याच्या मनातही आलं नाही. ती तेव्हा दूध घालायला गेली होती.

ती परत आली तेव्हा धोंडबा पेंटर लोखंडी पट्टीनं गोवऱ्या उचकटत होता. सुकलेल्या एका बाजूला पडत होत्या, ओल्या तशाच धुळीत.

"हे काय करून राहिला गा तू?" ती ओरडली.

"मले काहून ओरडते बाई? मालकाले विचार."

मालक बाजेवर बसला होता. "आता गोवऱ्या बंद," तो म्हणाला. "आता आपली भिंत कमावून राहिली."

चार दिवसांत भिंतीवर निळा ऑइलपेंट चढला आणि त्यावर एका बाईचं हसतं तोंड आलं. एकेक दात पाटाएवढा. खाली 'धवलकांती दंतमंजन'. भागीरथानं एकदा रागारागानं एक गोवरी थापून पाहिली. ती तेलकट रंगावरून घसरत खाली आली. मग अंगणात जमिनीवर थापून पाहिल्या, तर निम्म्या कोंबड्यांनी उकरल्या. दुधाचे पैसे घरातच जात; तिची स्वतःची कमाई तिथं संपली, आणि त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

दोन महिन्यांत रुपरावनं आरामशीन सोडली. म्हशी तिच्या, दूध ती काढणार, ती घालणार, आणि भिंतीचं भाडं त्याच्या हातात येणार. मग कशाला मरायचं? बाज त्यानं भिंतीच्या कोपऱ्याला आणून टाकली. तंबाखू मळायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचं. "ये गा वामनराव, बस. आपलं आता हेच. बसून खाऊन राहिलो."

करारात एक किरकोळ अट होती. भिंत स्वच्छ पाहिजे. कृष्णकांतसाहेब दर तीन महिन्यांनी हप्ता द्यायला कधीही, न सांगता येणार. भिंत खराब दिसली तर तो हप्ता नाही. ही किरकोळ अट कोणाच्या अंगावर पडली, हे सांगायला पाहिजे का? उमरेडच्या खाणींचे ट्रक वळणावर गिअर बदलत आणि काळी भुकटी उडवत. ती सगळी भुकटी त्या पांढऱ्या दातांवर बसायची. दोन दिवस धुतलं नाही की बाई मिशेरी लावल्यासारखी दिसायची. मग भागीरथा विहिरीवरून पाणी आणणार, शिडी लावणार, वर चढून एकेक दात घासणार. स्वतःचे दात तिनं जन्मभर राखुंडीनं घासले, तेही एका बोटानं आणि घाईघाईत. सिनेमावाले पोस्टर चिकटवून जात, ते नखांनी खरवडायचं. बकऱ्या अंग घासत, त्यांना हाकलायचं. रात्रीची पिऊन आलेली माणसं कोपऱ्यात काय करून जात, ते सकाळी हिनं धुवायचं. हे सगळं चालू असताना तिचा नवरा खालून बोट दाखवायचा. "वरच्या ओठाले डाग राह्यला वं."

वर चढून तिनं एकदा म्हटलं, "तुम्ही एकदा चढून पाहा ना."

"मले चक्कर येते," रुपराव म्हणाला. आयुष्यभर लाकडांच्या थप्प्यांवर माकडासारखा चढलेल्या माणसाला चक्कर येते! तिला असा संताप आला की हातातला बोळा त्याच्या तोंडावर फेकावा. फेकला नाही. त्या वर्षात तिनं असे किती संताप गिळले असतील, आणि त्यातला एकही पचला नाही.

मग शिमगा आला. धुळवडीच्या दिवशी पोरांना एवढं मोठं हसतं तोंड सापडल्यावर ती काय सोडतात? लाल, हिरवा, जांभळा, आणि वरून डांबर. दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथा घासलेटचा बोळा घेऊन शिडीवर उभी असतानाच तिचा भाऊ देवराव एसटीतून उतरला.

"ताई, चाल," तो खालूनच म्हणाला. "मायनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणते काही खरं नाही. तुहंच नाव घेऊन राहिली सारखी."

भागीरथा शिडीवरून उतरली. हात पुसले. रुपराव बाजेवर उठून बसला.

"आज कसं जमन?" तो म्हणाला. "साहेब या आठवड्यात येऊन राहिले. भिंतीचं हे असं. रंग काढ, मंग जा."

"तुम्ही काढा. चार दिसाचं काम हाय."

"ते बायांचं काम हाय. मले जमत नाही." मग आवाज बारीक करून, भावाला ऐकू जाणार नाही असा, म्हणाला, "हप्ता बुडला तर तुही एक म्हैस विकीन. मंग बस माहेरी."

म्हैस विकायला त्याला काहीच वाटलं नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं. आणि आई याआधीही दोनदा अंथरुणाला खिळून उठली होती, असंही तिनं मनाला समजावलं. तिची चूक झाली ती इथं. पुढे तिनं स्वतःला त्याबद्दल कधी माफ केलं नाही. नवऱ्याला तर नाहीच नाही.

"तू हो पुढं," ती देवरावला म्हणाली. "मायले सांग, रंग निघाला की येतो."

 देवराव दुपारच्या एसटीनं परत गेला.

तीन दिवस ती घासत होती. डांबर निघता निघेना. हाताची सालटी गेली, घासलेटनं बोटांच्या भेगा चरचरत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सांजेला भिंत चकचकीत झाली आणि साहेब काही आले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे तिनं म्हशी शेजारच्या गोपिकाबाईवर सोपवल्या आणि पहिली एसटी धरली.

देवरावचं घर उमरेडच्या स्टँडला लागून. आई डोळे उघडे ठेवून पडली होती. भागीरथानं हाक मारली, हात धरला, तोंडाशी तोंड नेलं. आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काल सांजपासून बोली गेली," देवराव म्हणाला. तो बहिणीवर रागावलेला होता आणि राग लपवायच्या भानगडीत पडला नाही. "तीन दिस हाका मारून राहिली होती. 'भागे, भागे.' एसटीचा भोंगा वाजला की म्हणे, 'पाह्य, भागी आली.' मी दारात जाऊन पाहो, वापस येऊन सांगो की नाही आली. दिवसातून किती एसट्या येतात इथं, तुले माहीत हाय? दर एसटीले, ताई. दर एसटीले!"

"तू काय सांगतलं तिले? मी काहून नाही आली म्हणून?"

"काय सांगू? भिंत धुऊन राहिली म्हणून सांगू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजाबाई गेली. जावई मातीला आला नाही. येणाऱ्याच्या हातून निरोप आला, की साहेब कधीही येतील, घर सोडता येत नाही. तेरवीलाही तो आला नाही. भावकीतल्या बाया भागीरथाकडे पाहून कुजबुजत राहिल्या आणि ती मान खाली घालून पुऱ्या लाटत राहिली. तेरा दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. बोलली असती तर तोंडातून जाळच निघाला असता.

चौदाव्या दिवशी ती एसटीतून वळणावर उतरली. भिंत समोर होती. दोन आठवड्यांची भुकटी बसून दंतमंजनाच्या बाईचं तोंड काळंठिक्कर पडलं होतं, एका डोळ्यावर सिनेमाचं पोस्टर. म्हणजे भिंत राखायला मागे राहिलेल्या माणसानं एक तांब्या पाणी मारलं नव्हतं.

रुपराव बाजेवरून उठला. "आली का वं? बरं झालं. काल साहेब येऊन गेले. भिंत पाहून लय भडकले, हप्ता अडकवला. आज चार वाजता परत येतो म्हणे. थैली ठेव अन् बादली घे."

 "माही माय गेली," ती म्हणाली.

"हो ना, समजलं मले. वय झालं होतं तिचं. चाल, टाइम नाही."

तिनं पिशवी खाली ठेवली. बादली घेतली नाही. ओसरीच्या पायरीवर बसली ती चार वाजेपर्यंत उठली नाही. रुपराव आधी हुकूम सोडत होता, मग शिव्या, मग गयावया. ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

चारला स्कूटर आली. कृष्णकांतांनी भिंत पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"रुपराव, हे काय? अजून तसंच?"

"साहेब, हे माहेरी जाऊन बसली होती," रुपरावनं बायकोकडे बोट केलं. "मी एकटा माणूस, काय काय करू?"

तेव्हा ती उठली. "साहेब, तुम्ही आमच्या मालकाले काय सांगतलं होतं? काहीच करा लागत नाही म्हणे ना? बसल्या जागी म्हणे ना?"

"वहिनी, तसं म्हणजे... थोडी देखभाल..."

"हे थोडी?" तिनं दोन्ही पंजे त्यांच्यासमोर धरले. घासलेटनं सोललेली कातडी अजून धड भरली नव्हती. "माही माय तथी मरून राहिली होती, अन् मी इथं तुमच्या बाईचे दात घासून राहिली होती! माह्या पोटचं कोणी नाही ते, मले त्या पुडीतलं चिमूटभर मंजन कोणी देल्लं नाही. हे बसून खाते, तुम्ही बसून खाता, मंग हे सारं केलं कोणं?"

कृष्णकांत गोरेमोरे झाले. "वहिनी, आई गेल्याचं मला खरंच माहीत नव्हतं. पण करार..."

"करारात माहं नाव हाय?"

त्यांनी बॅगेतून कागद काढला. बघायची गरज नव्हती, तरी नीट पाहिला. "नाही. नाव रुपरावांचं आहे."

"मंग ज्याचं नाव हाय त्याच्याकून धुऊन घ्या. आत्ता. तुमच्या डोळ्यांदेखत."

कृष्णकांत घड्याळाकडे पाहत, बाईच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "रुपराव, मी अर्धा तास थांबतो."

हप्ता अडकलेला होता, म्हणून रुपरावनं धोतर खोचलं. मग स्वतःच विहिरीवर गेला, बादली भरून आणली, शिडी लावली. रोडवर माणसं थांबली. गोपिकाबाई बाहेर आली. उमरेडची एसटी वळणावर हळू झाली आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. रुपराव चौथ्या पायरीवर पोचला, एका हातात बादली, दुसऱ्यात बोळा. शिडीचा एक पाय मातीत रुतला आणि ती डुगडुगायला लागली.

"भागी! शिडी धर वं!"

भागीरथा शिडीपासून हातभर अंतरावर उभी होती. हाताची घडी घातलेली. कृष्णकांत धावले, तसं तिनं त्यांना डोळ्यांनीच थांबवलं.

"भागी, पडतो ना मी! आयकू येऊन राहिलं का नाही?"

"येऊन राहिलं," ती म्हणाली. "माही माय तीन दिस हाका मारत होती. तुमच्या आत्ताशी दोनच झाल्या. मारा अजून."